तीनशे बारा

सकाळी दहाला प्रोजेक्टरच्या खोलीत जाऊन बसते.
माझं काम एवढंच:
पडद्यावर कुणी बोललं की कळ दाबायची,
गप्प झालं की पुन्हा दाबायची,
कोरी ओळ पाठवायची.
दिवसाचे आठशे रुपये आणि दोन कुपनं,
त्यातलं एक चहाचं.

पहिला सिनेमा कुठल्याशा डोंगराळ देशातला.
भाषा येत नाही. यादीतला आकडा
आणि माणसाचे ओठ, एवढ्यावर चालते मी.
म्हातारा शेळीशी चार मिनिटं भांडतो,
यादीत ओळ एकच: चल.
बाकी काय झालं ते शेळीला माहीत.
सुरुवातीला एकोणीस जण होते, शेवटी सतरा.

दुसरा: दोन बहिणी, एक फ्रिज, पंच्याऐंशी मिनिटं.
मधेच आवाज गेला.
कोलासोकाका वायर हलवत म्हणाले,
"दिग्दर्शकाची इच्छा असेल."
तक्रार कुणीच केली नाही.
सहा मिनिटं लोक तो मुकेपणा
फार गंभीरपणे बघत राहिले.
आवाज परत आला तेव्हा एक बाई दचकली.

बाहेर प्रभादेवीचं ऊन. पायऱ्यांवर
गळ्यात पट्टे अडकवलेली माणसं
न पाहिलेल्या सिनेमाबद्दल
पाहिल्यासारखं बोलत होती.

तिसरा आपला, भांडुपच्या मिठागरांवरचा.
एकसष्ट मिनिटं. रोहिदास मढवीनं केलेला.
फाइल देतानाच म्हणाला होता,
"ताई, तीनशे बारा दाबू नका.
ते वाक्य काढलंय मी. रडकं वाटत होतं."
यादीवर मी लाल फुली मारली.

नायिका त्याची मामी.
पडद्यावर ती फळीनं मीठ ओढत होती
आणि तिसऱ्या रांगेत तीच बसलेली,
वेणी माळून, मांडीवर स्टीलचा डबा,
आयुष्यात पहिल्यांदा
स्वतःच्या पाठीकडे बघत.

दोनशे नव्वद. तीनशे. बोट सरावलेलं.
बाई ढिगापाशी उकिडवी बसते,
मूठभर मीठ उचलते, बोलत नाही.
तीनशे अकरानंतर
बावीस सेकंद नुसता वारा.

तेव्हा अंधारातून मामी बोलल्या.
मोठ्यानं नाही,
नाटकातल्या माणसाला विंगेतून
विसरलेलं सुचवावं तसं:
"पुरं झाला आता. सुकलास तवरा पुरं."

परदेशी परीक्षकानं आधी मान वळवली,
मग सवयीनं पडद्याच्या तळाशी पाहिलं.
तिथं काही नव्हतं.

बोट कुणाचं ऐकतं, सांगता येत नाही.
मी तीनशे बारा दाबलं.

दोन सेकंद. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं.
परीक्षकानं वहीत काहीतरी लिहिलं,
किंवा पेन चालतंय का ते पाहिलं.

रोहिदास जिना चढून वर आला.
"काढलं होतं ते मी."
"हो," मी म्हणाले.
पुढं दोघांनाही सुचेना.
कोलासोकाकांनी स्टूल सरकवलं. तो बसला.
बऱ्याच वेळानं विचारलं, "मामी रडत होती का?"
इथून चेहरे दिसत नाहीत, मी सांगितलं.
इथून डोक्यांच्या मागच्या बाजू दिसतात फक्त.

सहाच्या खेळाआधी मामी स्वतःच आल्या, डबा घेऊन.
त्यांना ही खोली बघायची होती.
"म्हंजे तू हितनं दाबतंस
आन् मी तिथं बोलतंय?"
तसं नाही, असं म्हणणार होते.
म्हणाले नाही.

खाद्यपदार्थ आणू नयेत, अशी पाटी आहे.
तिच्याखाली बसून आम्ही चौघांनी
तांदळाची भाकरी आणि सुका जवळा संपवला.

चौथ्या सिनेमात माणसं फारशी बोलतच नव्हती.
सगळ्या मिळून चाळीस ओळी.
बोटाला जवळ्याचा वास.
कोलासोकाका दिवे घालवताना म्हणाले,
"कीबोर्ड पुसून ठेव, उद्या दुसरी मुलगी येते."

पुसला.
कळीच्या फटीत गेलं होतं
ते काही निघालं नाही.